विकायला काढलेल्या फ्लॅटमधलं मूळ

गारखेड्यातला तो फ्लॅट आम्ही राहायला घेतलाच नव्हता. दोघांच्याही नोकऱ्या होत्या, शहर वाढत होतं. भाडं येत राहील आणि म्हातारपणी विकून टाकू, एवढाच हिशोब. भाडं येत राहिलंही, पण घर त्यातलं बरंचसं परत मागून घ्यायचं. कधी पंप जळायचा, कधी खिडक्या बदलायच्या, भाडेकरू गेला की रंग तर ठरलेलाच.

न्हाणीचं पाणी तुंबणं मात्र कायमचं. प्लंबर तार घालायचा, काही महिने निभायचं. मग खालच्या मजल्यावरच्या आपांचा फोन यायचा, "भाभी, छत फिरसे टपक रई. बघून जा ना जरा." साऱ्या बिल्डिंगच्या त्या आपाच होत्या. तक्रार घेऊन गेलं तरी आधी चहा पाजणाऱ्या.

मागच्या वर्षी फ्लॅट विकायला काढला. फुलंब्रीचं एक शेतकरी जोडपं बघून गेलं. मुलीला इथल्या कॉलेजात घातलं होतं, तिच्यासाठी घर हवं होतं. व्यवहार बोलायला रविवारी येतो म्हणाले. त्याआधी ओल काढावी म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो म्हणाला, "ताई, आता तारेनं भागायचं नाय. उभा पाइप बदलावा लागंल."

"विकायच्या घराला नवा पाइप कशाला?" आमचे हे म्हणाले. "तात्पुरतं करून टाक."

"आपण विकून मोकळे होऊ," मी म्हटलं, "छत आपांचं गळणार." ह्यांनी प्लंबरला नव्या पाइपाचा खर्च विचारला.

काम वाढत गेलं. रविवारी सकाळी न्हाणीची फरशी उखडलेली, भिंत फोडलेली, जिन्यात राडारोड्याच्या गोण्या. प्लंबरनं जुना बिडाचा, ओतीव लोखंडाचा पाइप मधे कापला आणि आत हात घातला.

"केस अडकलेत," तो म्हणाला. त्यानं ओढलं. काळपट, ओला झुपका आला. अजून ओढलं, अजून आला. मग तो थांबला, उजेडाकडे धरून बघितलं, आणि त्याचा आवाज बदलला. "ताई, केस नाय हे. मूळ हाय."

मग खाली पार्किंगमध्ये, खालच्या तोंडाशी पाइप मोकळा केला आणि दोघातिघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. पाइपातून ते सरकत बाहेर येऊ लागलं. बायकांच्या वेणीसारखं पिळलेलं, आधी बोटाएवढं, मग मनगटाएवढं, पाइपाच्या गोलाईत नेमकं बसलेलं. येतच राहिलं. आपा दुपट्टा सावरत खाली आल्या आणि "या अल्लाह" एवढंच म्हणाल्या. पार्किंगमध्ये ते आडवं पसरलं, तर गेटपासून पार जिन्यापर्यंत पोचलं. ओल्या मातीचा वास सुटला होता. पाइपाच्या आत मातीचा कण नव्हता तरी.

आणि नेमकं तेव्हाच फुलंब्रीचं जोडपं गेटातून आत आलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गेला व्यवहार, असं दोघांच्याही मनात एकदमच आलं.

त्या गृहस्थांनी चपला काढल्या, खाली बसले आणि मुळावरून हात फिरवला. "पिंपळाचं हाय. झाड कुठंय?"

झाड कुठं होतं? आम्ही सगळेच गच्चीवर गेलो. कठड्याच्या चिरेत, तोच पाइप जिथून खाली उतरतो तिथं, चार पानांचा एक कोंब होता. दर वर्षी कोणीतरी तो छाटायचं, दर वर्षी तो यायचा. तांबूस, कोवळा, हातभरही उंच नाही. वाऱ्यावर पानं हलत होती. एवढ्याशा त्या पानांखाली, आमच्या भिंतीतून, भाडेकरूंच्या आंघोळीच्या पाण्यावर, अंधारात इतकं सगळं वाढलं होतं. वर्षानुवर्षं मी त्या घराची मालकीण म्हणवून घेत होते आणि घरात कोण राहतंय हे मला ठाऊक नव्हतं.

"पाण्याचा माग काढत गेलंय बगा," ते गृहस्थ म्हणाले. "लई जिगर."

ह्यांनी चाचरत विचारलं, "मग आता तुमचं काय?"

त्यांच्या बायकोनंच उत्तर दिलं. "रंग मारलेलं घर समदेच दावतात, दादा. आमी तर घराचं पोट उघडं बघितलं. पाइप पुरा बदला, कठडा नीट करा, घेतो आमी."

मग सगळा उभा पाइप बदलला, आपांच्या छताचं प्लास्टर नवं केलं, एजंटचं कमिशन आणि सोसायटीचे पैसे दिले. हातात आलं ते मनातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी होतं. ह्यांनी एकदाच सुस्कारा सोडला.

चावी द्यायला मी एकटीच गेले. त्या बाईंनी मला न्हाणीत नेलं, बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि म्हणाल्या, "बगा."

पाणी एका दमात, जराही न थांबता, गोल फिरून खाली गेलं. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहून ते जाताना ऐकत राहिलो. मग त्यांनी आणखी एक बादली भरली.