छातीतली धूळ

सोलापूरबाहेरच्या दगडखाणीत मी खडी मोजायला जात असे, तेव्हा तिथला एक कामगार सुरुंगासाठी पहारीनं भोकं पाडायचा. दोन शब्द बोलले की त्याला थांबून श्वास घ्यावा लागे. "दम... जरा लागतोय... की," असं तो ओशाळं हसून सांगायचा. दवाखान्यात त्याला दम्याचं औषध मिळालं होतं. खाणीतली माणसं मात्र म्हणायची, त्याच्या छातीत दगडाची धूळ बसलीय.

पुढे त्याला पहार उचलेना. मग त्याची बायको खडी फोडायला येऊ लागली आणि तोही रोज तिच्यासोबत यायचा. धोतराचं फडकं ओलं करून तो तिच्या नाकातोंडावर बांधायचा. उन्हात जीव गुदमरला की ती ते ओढून काढायची, तो पुन्हा भिजवून बांधायचा. मुकादम हसायचा. एक-दोनदा मीही हसलो.

चैत्रात एका दुपारी मी माप घेत असताना ती खोकली. कोरडा, आखूड खोकला होता. फडकं भिजवणारा त्याचा हात थांबला.

"कवापासनं?"

"काय न्हाय. ठसका लागला."

"खरं सांग... की."

तिनं पुढचा दगड जवळ ओढला.

"चल... घरला."

"घरला जाऊन खायाचं काय?" ती हळू आवाजात म्हणाली आणि तिनं हातोडा उचलला.

मी माप वहीत लिहून घेतलं. तो तिच्या शेजारी, त्याच धुळीत बसून राहिला.