रिद्धीच्या पाळ्या

हरिचंद्र आबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपरचं काम केलं. भोंगा, मस्टर आणि पाळ्या, एवढंच त्यांचं जग. निवृत्त होऊन शिरगावच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर बसले, तरी जेवणाला पाच मिनिटं उशीर झाला की सखूआजीला लेट मार्क लागायचा. आजी शांतपणे म्हणायची, "कापा पगार."

अशा माणसाच्या तावडीत आठवीतली नात सापडली. रिद्धी कबड्डीत वाघीण आणि गणितात शेळी. चाचणीत वीसपैकी नऊ पडले तेव्हा तिच्या बापाने, भावेशने, ठणकावून सांगितलं, "पुढच्या वेळी पंधराच्या खाली आलीस तर कबड्डी बंद." पोरीने ताट बाजूला सारलं. ते बघून आबांना राहवलं नाही. "पंधरा दिवस पोरगी माझे हाताखाली दे, मंग बघ."

आबांनी पुठ्ठ्यावर मार्करने ठळक तक्ता काढला. पहिली पाळी गणित, दुसरी पाळी कबड्डी, तिसरी पाळी पुन्हा गणित. वर शीर्षक दिलं, 'रिद्धीची पाळी चालू आहे, कृपया बेल वाजवू नये', आणि तक्त्याची घडी करून ते शीर्षक तेवढं दिसेल असा बाहेरच्या दाराला चिकटवला. कारखान्यात पाळी म्हणजे शिफ्ट. त्या दुसऱ्या गोष्टीला त्यांच्या घरात 'कावळा शिवला' म्हणत, तेही पुरुषांच्या कानावर जाणार नाही इतकं हळू. त्यामुळे आबा निर्धास्त होते.

दुपारी रिद्धी शाळेत असताना समोरच्या अंजनीकाकू वाटीभर शिरा घेऊन आल्या.

"अभिनंदन हां आबा. कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग चार दिवस कबड्डी बंद ठेवा."

"चार कसले? पंधरा दिवस हाय. रोजच्या तीन."

काकूंच्या हातातली वाटी कलली. "रोज?"

"रविवारी चार. ओव्हरटाइम."

"अहो, डॉक्टरला दाखवलंत का?"

"डॉक्टर कशाला? मी हाय ना. हजार माणसांच्या पाळ्या सांभाळल्यात मी."

काकू शिरा तिथेच ठेवून पळाल्या. संध्याकाळपर्यंत बातमी गच्चीपासून गेटपर्यंत पोचली. रिद्धी शाळेतून आली तेव्हा जिन्यात तीन बायकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तिने दार वाचलं. तक्ता ओरबाडून, तो घेऊनच ती खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. "मी ग्राउंडवर जाणार नाही. आणि गणित पण करणार नाही, जा."

सखूआजी आबांच्या कानात, पण दाराआड ऐकू जाईल अशी कुजबुजली, "अहो, पाळी म्हणजे कावळा शिवणं." आबांच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या. ते खोलीच्या दाराशी फरशीवर बसले. "चुकलो गं पोरी. तुझा खेळ जाऊ नये म्हणून केला सगला."

आत तक्त्याची घडी उलगडल्याचा आवाज झाला. मग आतून खुसखुस ऐकू आली. "आबा, रविवारी ओव्हरटाइम?" कडी निघाली तेव्हा रिद्धी पोट धरून हसत होती. आजी आधीच हसत होती, आबांना मात्र हसावं की रडावं कळेना.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि कावळाबिवळा काय नसतो, आबा. पाळी मला मागच्या वर्षीच आली. त्या दिवशी पण खेळते मी. बिनधास्त."

आबांनी मान हलवली. सत्तरीत शिकायला मिळालं, म्हणाले.

मग रिद्धीने नवा तक्ता केला. गणित सकाळी, डोकं ताजं असताना. कबड्डी संध्याकाळी. शाळेतून आल्यावरचा एक तास तिने कोराच ठेवला.

"इथं काय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. लोळणार."

चौतीस वर्षांत आबांनी मस्टरचा एकही रकाना कोरा सोडला नव्हता. त्यांचा हात शिवशिवला. पण त्यांनी मार्करला टोपण लावलं, आणि पुढचे पंधरा दिवस त्या तासाला तिला हाक मारली नाही.

चाचणीत सोळा पडले. भावेशने पेपर दोनदा उलटसुलट बघितला आणि चपला घालून खाली गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात गुडघ्याला लावायच्या नीकॅपच्या दोन जोड्या होत्या. "एक फाटली तर दुसरी असू दे," तो म्हणाला.