जिन्याखालची जागा

दुसऱ्याच्या भांडणात पडायची मला हौस आहे. स्वतःसाठी भांडताना माझा आवाज जरा कापतो, पण दुसऱ्यासाठी भांडायचं म्हटलं की तो असा काही खणखणीत लागतो की माईकची गरज पडत नाही. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केली तेव्हा सहकाऱ्यांच्या रजा, बदल्या, पंख्याखालची खुर्ची, सगळ्यांसाठी मीच साहेबांपुढे उभी. निवृत्त होऊन खांदा कॉलनीत कायमची राहायला लागले आणि भांडणंच संपली. सोसायटीच्या पाण्याच्या वेळेवरून किती दिवस भांडणार?

म्हणून गेटवर मेट्रोच्या जनसुनावणीची नोटीस लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कळंबोलीकडून येणारी नवी मेट्रो आमच्या कॉलनीच्या कडेने जाणार होती. आराखड्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. नोटिशीसोबत छोटा नकाशा होता. तो मी चष्मा पुसून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की स्टेशनचा एक जिना बरोबर आमच्या मासळीवाल्या मावशींच्या डोक्यावर उतरतोय.

मावशी म्हणजे भाजी बाजाराच्या तोंडाशी बसतात त्या. आम्ही इथे आलो त्याच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे बसतात. जवळच्याच गावातल्या. पहाटे मोऱ्याच्या बंदरावरून मासळी घेऊन येणार, निळा प्लॅस्टिकचा कागद अंथरणार, समोर पाटी, बाजूला कोयता, आणि मांदेली-कोलंबीचे वाटे असे मांडणार की कुठल्याही वाट्यातून दोन कोलंब्या इकडच्या तिकडे केल्या तर त्यांना न बघता कळतं. त्यांच्या ओळीत आणखी दहा जणी बसतात, पण मी त्यांचीच गिऱ्हाईक. जिना तिथे आला तर एवढ्या वर्षांची जागा जाणार, आणि जागा गेली की बाईचं पोट गेलं. मी त्याच संध्याकाळी त्यांना म्हटलं, "मावशी, काळजी करू नका, मी बोलते सुनावणीत."

त्या एका सुरमईच्या तुकड्या करत होत्या. "बोल गो बाय," म्हणाल्या. "आमी बी जाताव सकाळीच."

काय बोलू, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही. आपल्याला कळतं, त्यांना काय विचारायचं!

सुनावणी रविवारी सकाळी ठेवणारा माणूस नक्की शाकाहारी असणार. रविवार सकाळ म्हणजे मासळीवाल्यांची दिवाळी, त्या वेळी त्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसून भाषणं ऐकणार होत्या की काय? मी दहाला पोचले तेव्हा हॉलमध्ये आमच्यासारखेच लोक होते: निवृत्त, इस्त्रीचे कपडे, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमधले अर्ज. आमचे हे शेवटच्या रांगेत बसले. मी उठणार हे माहीत असलं की ते नेहमी शेवटच्या रांगेत बसतात.

भिंतीला मोठा नकाशा लावला होता. एक तरुण इंजिनीअर मुलगी सगळ्यांना समजावून सांगत होती. आमच्या धाकट्या भाचीएवढी असेल, पण बोलणं मुद्देसूद. टेबलावर गोल चिकट्या ठेवल्या होत्या. हिरवी चिकटी म्हणजे मान्य, पिवळी म्हणजे सूचना, लाल म्हणजे हरकत. ज्याला जिथे काय वाटतं तिथे त्याने ती लावायची. लोक चिकट्या घेऊन असे तुटून पडले होते की लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आली असावी. ज्याने त्याने आपल्या बिल्डिंगसमोर लाल आणि दुसऱ्याच्या बिल्डिंगसमोर हिरवी लावली.

आणि मावशींच्या जागेवर, जिन्याच्या अगदी पायथ्याशी, अकरा लाल ठिपके होते. जवळ जाऊन पाहिलं तर त्या टेबलावरच्या चिकट्या नव्हत्या. टिकल्या होत्या. मखमली, मरून रंगाच्या, पाकिटात मिळतात त्या.

"त्या मासेवाल्या बायका ना, आम्ही टेबल लावायच्या आधीच येऊन गेल्या," ती इंजिनीअर मुलगी म्हणाली. "वॉचमनने दार उघडलं तेव्हा नकाशा होता, पण चिकट्या अजून बॉक्समध्ये होत्या. धंद्याची वेळ आहे म्हणाल्या, आणि या लावून गेल्या."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. अकरा जणी. मला पुढचं काही ऐकायची गरज वाटली नाही. माझं नाव पुकारायच्या आधीच मी माईकपाशी पोचले.

काय बोलले ते आता सांगायचीही लाज वाटते, पण सांगते. मी म्हटलं, "या नकाशावर बघा! ज्या बायकांना इथे यायलासुद्धा वेळ मिळत नाही, त्यांनी आपल्या कपाळाची टिकली काढून हरकत नोंदवली आहे! याहून मोठी हरकत कुठली असते?" मग मी जिन्याकडे वळले. हा जिना रस्त्याच्या पलीकडे, बागेच्या बाजूला हलवा, अशी मागणी केली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाजवल्या. ज्या माणसाने जन्मात माझ्या एकाही मुद्द्याला होकार दिला नाही, जो बाजारातल्या वासावरून दर सभेत तक्रार करतो, तो टाळ्या वाजवतोय, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सुनावणी घेणाऱ्या मेट्रोच्या साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "लोकभावना तीव्र दिसते. जिना पलीकडे नेण्याचा जरूर विचार करू."

मी हवेत चालत बाजारात गेले. मावशींचा माल संपत आला होता. मी तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. मला वाटलं, आता मावशी कोयता खाली ठेवतील आणि एक मोठा बोंबील तसाच पिशवीत टाकतील.

त्यांनी कोयता खाली ठेवला, तेवढं खरं.

"काय केलास गो बाय ह्या?" त्या म्हणाल्या. "जिना पलीकडं पाठवलास? तुला कोनी सांगितला?"

"अहो, तुम्हीच नाही का लाल..."

"आमाला जिना पायजे हाय!" त्यांचा आवाज असा चढला की ओळीतल्या सगळ्या जणींनी माना वळवल्या. "मानसा कामावरून येतील, जिना उतरतील, आनी समोर कोन? मी! पलीकडं उतरले तर रस्ता वलांडून मासळी घ्यायला कोन येतंय? पलीकडं दुसऱ्या बसतील, आनी आमी इथं माश्या मारू?"

"पण मग तुम्ही त्या टिकल्या..."

"टिकली कशाला लावताव आमी? चांगल्या कामाला लावताव. नवी होडी आनली तर लावताव, नवा कोयता घेतला तरी लावताव. जिना इथंच येऊं दे म्हनून लावली. कुनाला नको सांगायला टिकली लावतंय काय कोन?"

बाजूची एक जण म्हणाली, "सुशिकलेली मानसा हायत, त्यांचं असंच असतंय." आणि सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. भांडून जागा वाचवायला गेले होते, आणि भांडून जागा घालवून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मावशींनी माझ्याशी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडण मला जमतं. पण त्यांनी मला मासळीच द्यायची बंद केली. समोर बोंबलांचा ढीग असताना शांतपणे म्हणायच्या, "बोंबील नाय." मी बोट दाखवलं तर, "ते बोललेले हायत," म्हणजे दुसऱ्या कुणी सांगून ठेवलेले. घरी आम्ही चार दिवस अंडी खाल्ली. आमचे हे अंड्याच्या रश्श्यात पाव बुडवत म्हणाले, "आपली मागणी मान्य झाली वाटतं."

मी रात्रंदिवस त्याच विचारात. लेखी हरकती द्यायला अजून आठवडा होता. मी चार पानी अर्ज लिहिला. त्यात संदर्भ, विषय, वस्तुस्थिती, सगळं होतं. मग तो वाचला आणि फाडला, कारण त्या चार पानांतही मावशी कुठे नव्हत्या, मीच होते. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी सरळ म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सोमवारी माझ्याबरोबर मेट्रोच्या ऑफिसात चला. बोला तुम्ही, मी गप्प बसते."

"तू गप बसशील?" त्यांनी विचारलं.

"बसेन."

"बघू," म्हणाल्या. पण सोमवारी आल्या, कारण सोमवारी मासळी घेतंय कोण? ओळीतल्या आणखी दोघी आल्या. एका रिक्षात आम्ही चौघी, त्यातल्या तिघी मला चेपून.

प्रकल्पाच्या ऑफिसात तीच इंजिनीअर मुलगी होती. तिच्यापुढे मी उभी राहिले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी माईकवर जे बोलले ते चूक होतं. मी यांना न विचारता बोलले. आता या सांगतील." एवढी तीन वाक्यं बोलायला मला घाम फुटला. नंतर घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे ऐकायचा मान त्या मुलीला मिळाला.

टिकलीची गोष्ट ऐकून ती मुलगी आधी हसली, मग एकदम गंभीर झाली. "आम्ही त्या अकराही हरकती म्हणून मोजल्यात," म्हणाली. मग तिने वहीचं पान उलटलं आणि मावशींना विचारलं, "मला नीट सांगा, तुम्हाला तिथे नेमकं काय हवंय?"

हा साधा प्रश्न. सगळ्या नोकरीत आणि सगळ्या भांडणांत मी तो किती वेळा विचारला असेन, कोण जाणे. फार नाही.

मावशींनी उत्तर द्यायच्या ऐवजी पदर खोचला आणि त्या गुळगुळीत ऑफिसात, फरशीवर, मांडी घालून बसल्या. "ही बघ," म्हणाल्या. "दोन लाद्या मी. दोन लाद्या माझी पाटी. येक लादी गिऱ्हाईकाच्या पायाला. आनी हितशी," त्यांनी बोटाने फरशीवर रेघ ओढली, "पानी जायला वाट. बर्फाचा पानी सगला तुमच्या जिन्यान गेला तर मानसा पडतील."

मुलगी खुर्ची सोडून खाली बसली. तिने टेप आणली, लाद्या मोजल्या. मग बाकीच्या दोघीही बाजूला बसल्या, कारण ओळ कशी वळते ते एकटीला बसून दाखवता येत नव्हतं. कोण भिंतीकडे, कोण रस्त्याकडे यावरून त्यांचं तिथेच थोडं भांडण झालं. आतून एक साहेब फाइल घेऊन आले, तीन बायका आणि एक इंजिनीअर जमिनीवर बसलेल्या बघून परत आत गेले. पाण्याच्या वाटेचा विचार आराखड्यात कुणीच केला नव्हता, असं ती मुलगी म्हणाली आणि तिने तो लिहून घेतला. मी पूर्ण वेळ कोपऱ्यात उभी होते. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा मावशींनी नुसतं वळून बघितलं.

परत येताना रिक्षात मावशींनी आपणहून विचारलं, "उद्या बोंबील ठेवू काय?"

सुधारित आराखडा लागला तो बऱ्याच आठवड्यांनी, शाळेच्या त्याच हॉलमध्ये. तोपर्यंत मी दर दोन दिवसांनी चौकशी करून ऑफिसातल्या लोकांना जेरीस आणलं होतं. आम्ही दोघी मिळूनच बघायला गेलो, मावशी पाटी शेजारणीवर सोडून आलेल्या. जिना पलीकडे गेला असेल तर या बाईला तोंड कसं दाखवायचं?

जिना जागेवर होता. आपल्या बाजूला, बाजाराच्या तोंडाशी. आणि त्याच्या पोटाखाली एक लांबट चौकोन आखला होता, त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'मासळी विक्रेते'. चौकोनाच्या कडेने एक रेघ होती, नाल्याची. मी हे मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी माझा आवाज कापला.

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी माझं बोट धरून त्या चौकोनावर टेकवलं. "ही आमी?"

"ह्या तुम्ही."

त्यांनी चौकोनाच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरा काडलाय." आणि मान वर करून साऱ्या नकाशाकडे पाहिलं. "आनी तुजा घर कुठं हाय ह्याच्यान?"

मी आमची बिल्डिंग शोधू लागले. जिन्यावरून रस्ता धरला, रस्त्यावरून चौक, चौकातून डावीकडे. आणि तिथे नकाशा संपत होता. आमची बिल्डिंग असायला हवी त्या जागी सगळी माहिती लिहिलेला मोठा तक्ता छापला होता. मी मेट्रोच्या सगळ्या ऑफिसाला पिडलं, माईक गाजवला, आणि नकाशावर मी कुठेच नव्हते.

"नाही दिसत," मी म्हटलं.

मावशींना फार वाईट वाटलं. खरंच वाटलं, थट्टा नव्हती ती. त्यांनी आपला चौकोन पुन्हा एकदा नीट न्याहाळला, दोन बोटांनी मापून पाहिला, आणि माझ्या दंडाला धरून थोडं सरकल्यासारखं करत म्हणाल्या, "बस मंग माज्या बाजूला. येक लादी देते तुला."