रिंगखालचे साडभाऊ

नुसतं उभं राहण्यासाठी पगार घेणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच निघाला, आणि तोच नेमका आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. पहारेकऱ्यांनी राग मानू नये. ते मधूनमधून बसतात. आमचे हे साडभाऊ साडेसहा फूट उंचीचे. एका सरकारी खात्याच्या बास्केटबॉल संघात सोळा वर्षे सेंटर म्हणून खेळले. सेंटर म्हणजे काय, हे त्यांनीच मला एकदा समजावलं होतं. रिंगखाली रिंगकडे पाठ करून उभं राहायचं, समोरच्या संघाला अंगावर थोपवायचं, त्यांची कोपरं आपल्या बरगड्यांत घ्यायची, आणि त्यातून जी जागा मोकळी होईल तिथून आपल्यातल्याच दुसऱ्या कोणीतरी अलगद बॉल टाकायचा. टाळ्या अर्थातच त्या दुसऱ्याला. "मग तुम्ही काय करता?" असं मी विचारलं तेव्हा ते जरा दुखावलेच. म्हणाले, "मी उभा राहतो ना भाऊ!"

हा धंदा त्यांच्या हाडीमाशी इतका भिनला होता की मैदानाबाहेरही सुटत नसे. लग्नात जेवायला गेलो की ते गरम पुऱ्यांच्या टेबलाकडे पाठ करून, पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून उभे राहत. त्यांच्या आडोशाने आम्ही सगळे ताटं भरून घ्यायचो. एकदा मागे खोळंबलेले एक वृद्ध गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही घेऊन राहिले का जाऊन राहिले?" साडभाऊ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मी उभा आहो, काका." कोणाच्याही घरात शिरताना ते आधी चौकटीच्या वरच्या लाकडाला हात लावत. आमच्या शेजारच्या काकूंना त्यात मोठी भक्ती दिसली आणि त्यांनी स्वतःच्या मुलाला या संस्कारांवरून दोन शब्द सुनावले. साडभाऊ बिचारे कपाळ वाचवत होते. ऑफिसात त्यांना एकच काम असे, कपाटावरच्या फायली स्टुलाशिवाय काढून देणं. बढती मिळाल्यावर माळ्यावरच्याही काढायला लागले.

पण या उभं राहण्याची त्यांना एका माणसापुढे लाज वाटे. कुहीजवळच्या गावात त्यांची आई धानाची शेती सांभाळायची. सामना संपला की तिचा फोन यायचा, "बापू, किती टाकले गा आज?" आणि हा साडेसहा फुटी माणूस आवाज बारीक करून सांगायचा, "बारा, आई." खरं तर एक पडलेला असे, कधी तोही नाही. मी एकदा हटकलं तर म्हणाले, "तिले कसं सांगू भाऊ, का तुहा पोरगा नुसता उभा राहते म्हणून?"

शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला. खात्याने नागपुरातच निरोपाचा सामना ठेवला, आणि जन्मात एकही सामना न पाहिलेली आई तो बघायला येते म्हणाली. साडभाऊंची झोप उडाली. सोळा वर्षांच्या थापा एका तासात खऱ्या करायच्या होत्या. संघातल्या सगळ्यांनी शपथ घेतली की आज बॉल फक्त यांनाच द्यायचा.

पहिल्या रांगेत माझ्याशेजारी त्यांच्या आई बसल्या. पदर खोचलेला, अंगठा बोटाच्या पेरावर, मोजायला तयार. बॉल साडभाऊंकडे येत होता आणि ते सवयीने तो दुसऱ्याला देत होते. संघातले लोक कपाळाला हात लावत होते. शेवटच्या मिनिटाला तर कमाल झाली. हातात बॉल, डोक्यावर रिंग, समोर कोणी नाही. मी ओरडलो, "टाका!" त्यांनी मान वळवली, लांब उभा असलेला आपला माणूस पाहिला आणि बॉल त्याला दिला. त्याने टाकला. संघ जिंकला. साडभाऊंच्या नावावर शून्य.

मान खाली घालून, लंगडत ते आईपुढे येऊन उभे राहिले. "आई, एकही नाही पडला. मी तुले इतके दिवस…"

"ते कोणी मोजलं?" म्हातारी म्हणाली. "तुले किती जणांनी धक्का देला ते मोजून राहिली होती मी. पेरं पुरले नाही रे बापू. पण तू काही हलला नाही." आणि त्यांच्या बरगडीवर हात फिरवायला लागली. तिचा हात तिथपर्यंतच पोचत होता. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी चहा सांगायला गेलो.

परवा त्यांच्यासोबत सीताबर्डीच्या बाजारात गेलो होतो. गुडघ्याचं ऑपरेशन ताजं, हातात काठी. दिवाळीच्या खरेदीची गर्दी अशी की साडभाऊ रस्ता ओलांडायच्या आधीच फुटपाथच्या कडेला थबकले. पडायच्या भीतीने त्यांना पाऊल टाकता येईना. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायचंही नव्हतं. मग मी, पाच फूट तीन इंच, त्यांच्याकडे पाठ करून गर्दीपुढे उभा राहिलो.

"गुडघे वाकवा भाऊ," मागून, बरंच वरून आवाज आला. "आन् हलू नका."

कोणाची तरी पिशवी माझ्या बरगडीत बसली, मग कोणाचं तरी कोपर. माझ्यामागून काठीचा आवाज एकेक पाऊल पुढे सरकत गेला. तो पलीकडे पोचेपर्यंत मी हललो नाही.