गिरणीच्या सुरावर

सुरतेत मी टिकलो तो बशीरचाचांमुळे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून.

बीडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. तिच्या ओट्यावर चाचा सारंगी घेऊन बसायचे. जवळ पेटी नाही, तंबोरा नाही. गिरणी सुरू झाली की डोळे मिटून तिची घरघर ऐकायची, खुंटी पिळून तार तिच्याशी जुळवायची आणि मग गज ओढायचा. मध्येच लाईट गेली की गज हवेत थांबायचा. "गेली बघा. माझा सा पण घेऊन गेली," असं म्हणून ते चहा मागवायचे. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आठवीत शाळा सोडल्यावर मी दळण घेऊन जायचो तो तिथंच रेंगाळायचो. एक दिवस चाचांनी सारंगी माझ्या मांडीवर ठेवली. तिची तार बोटाच्या टोकानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी अडवतात. आठवडाभरात माझी बोटं सोलली. मला धाकधूक फार. दर सुराला विचारायचो, "चाचा, बरोबर आलं का?"

"मला कावून विचारतो बे? गिरणीला विचार. ती कुणाचं मन राखत न्हाई."

चाली ते तिथंच बसून बांधायचे. उरुसातल्या कव्वालीच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, भजनाच्या. लिंबागणेशच्या भजनी मंडळाला एक चाल दिली, तर मंडळी पंधरा दिवसांत परत आली. म्हणाली, "चाचा, अंतऱ्याला गळे फाटायलेत." चाचा मला घेऊन देवळात गेले. पेटीवाल्यानं पट्टी भलतीच वर धरली होती. चाचांनी इकडंतिकडं कान दिला आणि मांडववाल्याला जनरेटर सुरू करायला लावला.

"भर दुपारी? उजेड काय कमी हाय का, चाचा?"

"उजेड तुमचा तुमी बघा. मला आवाज पायजे."

त्या घरघरीवर त्यांनी सा खाली धरून दिला. सगळ्यांचे गळे अंतऱ्यापर्यंत आरामात पोचले.

पुढं त्यांचा हात कापायला लागला. मी सुरतेला कापडाच्या यंत्रमागावर कामाला निघालो, तेव्हा त्यांनी सारंगी माझ्या हातात दिली. "जपून ठिवायला देत न्हाई. वाजवायला देतो," एवढंच म्हणाले.

मागांच्या खडखडाटात दोन-तीन महिन्यांत माझे कान बधिर झाले. खोलीवर तार लावायला बसलो की काहीच ओळखू येईना. नखाजवळचे घट्टेही मऊ पडले. माझ्या हातात सारंगी मरणार, ही भीती बसली. शेवटी कारखान्यातूनच फोन केला, "चाचा, गाववाल्याबरोबर सारंगी परत पाठवतो. मला सूरच ऐकू येत न्हाई."

ते म्हणाले, "फोन मागाजवळ धर."

धरला. कानाला परत लावला तेव्हा ते हसत होते.

"अरे येड्या, खडखड कावून ऐकतो? तिच्या खाली मोटर गुणगुणायली, ती ऐक. आपली गिरणीच हाय की तिथं. जरा चढी हाय, एवढंच."

मग त्यांनी फोनवरच सा लावला आणि तो मोटरीच्या गुणगुणीत मिसळला. मला ऐकू आला. तो सूर घोळवतच मी खोलीवर गेलो आणि तार लावली. सारंगी माझ्याकडेच राहिली.

आता चाचा बाजेवरून उठत नाहीत. गल्लीतली गिरणीही बंद झाली. कधी कामाच्या वेळी त्यांचा फोन येतो. "दत्त्या, माग चालूय का? जरा ऐकव." मी फोन धरून उभा राहतो. पलीकडं ते त्या सुरावर एखादी नवी चाल गुणगुणत असतात. मुकादम ओरडला की फोन ठेवावा लागतो आणि चाल अर्धीच राहते.

एकदा मी बीडला जाणार आहे. बाजेशेजारी बसून सारंगीवर सा धरीन आणि त्यांची चाल पुरी होईपर्यंत सोडणार नाही. मग लाईट गेली तरी जाऊ दे.