फ्लॉवरचा टेम्पो आणि आईचा समुद्र

हल्ली लोक पलंग, शेगडी, संडास असं सगळं असलेली गाडी भाड्यानं घेतात आणि पोराबाळांसकट फिरायला जातात. फोटो दाखवतात. मला मेलं हसूच येतं. आम्ही हे सगळं नव्वदच्या दशकातच केलं होतं, तेही नाशिक मार्केटला फ्लॉवर आणि कोथिंबीर वाहणाऱ्या टेम्पोत.

टेम्पो आमचा, चालवणारे दादा. दादा म्हणजे आमचे वडील. मी तेव्हा नववीत होते आणि धाकटा भाऊ सहावीत. मागच्या हौद्यात आम्ही क्रेट उलटे मांडले, त्यांवर गाद्या टाकल्या, वरून ताडपत्री बांधली. आईनं जुनं लुगडं फाडून पडदा केला. स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचा ड्रम, सगळं चढलं. शेजारच्या काकू बांधावरून ओरडल्या, "अगं बाई, बिऱ्हाड कुठं हलवलं?"

बिऱ्हाड समुद्राला चाललं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी आईनं समुद्र पाहिला नव्हता. दागिना नाही, साडी नाही, तिनं आयुष्यात दादांकडे एवढंच मागितलं होतं: एकदा समुद्राच्या पाण्यात उभं राहायचं. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. या वेळी दादा हो म्हणाले, पण दोनच दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटाच्या पाण्याचा आमचा नंबर होता. नंबर चुकला की पुढच्या आवर्तनापर्यंत थेंब नाही, आणि फ्लॉवर ऐन गड्ड्यावर आलेला.

पहिला मुक्काम पेठच्या पुढे घाटाखाली केला. तीन दगडांच्या चुलीवर खिचडी रटरटत होती आणि गाद्यांना कोथिंबिरीचा वास येत होता. इतकं सुख मला नंतर कुठल्या हॉटेलात मिळालं नाही. पण दादांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वाटेत भाताचं खाचर दिसलं की गाडी उभी, नागली दिसली की गाडी उभी. "वाण कोणतं हो?" म्हणून चौकशी सुरू. असं करत गुजरातेतल्या किनाऱ्यावर पोचलो तर ऊन डोक्यावर आलेलं.

आणि समुद्र कुठाय? लांबवर एक चकाकती रेघ. अलीकडे नुसती काळपट ओली वाळू. दादांनी मूठभर वाळू दाबून पाहिली, टाच मारून पाहिली. "घट्ट हाय," म्हणाले आणि गाडी पार पुढे नेऊन उभी केली. पाटाचं पाणी सुटायचं तर पाटकरी आधी सांगतो, एवढंच आम्हाला ठाऊक. भरती-ओहोटी पुस्तकात वाचलेली मी, पण मलासुद्धा सुचलं नाही.

"जेवण उरका अन् निघू," दादा म्हणाले. "दिवस मावळायच्या आत बांधावर पोचाया पाहिजे."

"आणि पाण्यात?" मी विचारलं.

"तिथवर चालत जायला येळ नाय. इथून दिसतोय ना समुद्र?"

आई स्टोव्हला पंप मारत राहिली. माझं मात्र डोकं फिरलं. "सोळा वर्षं थांबली ती, तुमच्या फ्लॉवरला दोन तास थांबता येत नाही?" असं मी दादांच्या तोंडावर बोलले. आमच्या घरात असं कुणी बोलत नसे. दादांनी मान फिरवली. आईनं मलाच दटावलं, "गप बस, जेव."

जेवलो, भांडी आवरली. दादा चावी फिरवायला गेले आणि भाऊ किंचाळला, "दादा, पाणी!" चाकांना फेस लागला होता. दादांनी गाडी काढायचा जोर केला तशी चाकं आणखीच रुतली. किनाऱ्यावरची माणसं धावत आली, हसली, हळहळली. पाणी उतरल्यावर रात्री ट्रॅक्टर लावू म्हणाली.

दादा मटकन वाळूवर बसले. "नंबर गेला," एवढंच बोलले. रात्रंदिवस राबून आणलेलं पीक होतं ते, माझी जीभ जरा जास्तच चालली होती.

आईनं पदर खोचला, चपला गाडीत टाकल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "अहो, उठा. गेलं ते गेलं. चला माझ्यासंगं."

बाजारात, लग्नात, देवाला, कुठंही दादा चार पावलं पुढे आणि आई मागे, असंच आम्ही पाहिलं होतं. आता आई पुढे होती. गुडघ्याएवढ्या पाण्यात एक लाट आली तसे दादा डगमगले. पोहणं दोघांनाही येत नव्हतं. त्यांनी सगळ्यांदेखत आईचा हात घट्ट धरला आणि घाबरून ओरडले, "सोडू नको गं!"

"नाय सोडत," आई म्हणाली आणि त्यांना घेऊन आणखी एक पाऊल आत गेली.