चार पांढऱ्या उशा

आजारी माणूस चार महिने एकाच उशीवर पडून असलं की ती उशी कशी होते, बघितलंय का तुम्ही? कडेला फिकट पिवळी, मधे पार काकवीच्या रंगाची. माझ्या आईची तशी झाली होती. घाम, डोक्यावर थापलेलं एरंडेल, सांडलेला काढा, सगळं तिच्यात मुरलेलं. लढाईचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, आमचं गाव कुंडलच्या बाजूला, आणि मी असेन दहा वर्षांची.

आई गेली त्याच दिवशी तिची वाकळ गावाबाहेर नेऊन टाकली. मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, आमच्याकडं तशी रीतच. उशी तेवढी मी आधीच ओढून बाकीच्या तीन उशांखाली सारली. पण लपणार कशी? लांबनं ओळखू यायची. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, सुतकापुरती येऊन राहिली होती आणि तिची नजर लय बारीक; आज ना उद्या तिला ती दिसणारच.

दहाव्याला घरातलं सगळं धुणं निघतं. पुरुषमाणसं नदीवर गेली तशी मी म्हटलं, "आत्ती, उशा मी धुते."

"तू? सोताचा परकर तरी निघतुया का नीट तुझ्या हातनं?"

"निघतुया की!"

"मग धू बया. माझी कंबार तरी वाचंल."

चारींची शिवण उसवली, कापूस उन्हात पसरला. साबण तेव्हा मिळायचा नाही सहजी. खोळी राखेच्या पाण्यात उकडल्या, रिठ्याच्या फेसात चोळल्या, लिंबू पिळून दगडावर वाळत टाकल्या. आईच्या खोळीचा डाग काही हटेना. ती तीनदा उकडली. बोटांची सालं निघाली माझ्या. शेवटी चारींना नीळ दिली. कापसातले पिवळे गोळे वेचून उकिरड्यावर टाकले, उरलेला काठीनं झोडपला. आत्यानं कापूस भरून शिवल्या, रचून ठेवल्या आणि म्हणाली, "पोरीनं हात चालवला गं!" मी हसले. आई जाऊन बारा दिवस झाले होते, आणि मी हसले.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर आत्या उशांपुढं बसली. "तुझ्या आयची कुठली ह्यातली?"

मी पत्रावळ्या गोळा करायला लागले.

"घरात ठिवत न्हाईत ती, पोरी. उद्या तुझा बा आजारी पडला मंजे? सांग."

"मला न्हाई म्हाईत."

खोटं बोलायचं म्हणूनच बोलले मी. पण बोलता बोलता नजर उशांवर गेली आणि खरंच कळेना. चारी सारख्या. एक उचलली, दुसरी उचलली, नाक खुपसून वास घेतला. रिठा आणि ऊन. तिसरीला तेच, चौथीलाही तेच.

मी मोठ्यानं रडायला लागले तेव्हा आत्याला उमगलं. "आगं माझे बाय, म्हून धुतलीस व्हय तू?" मग जी उशी टाकायला ती बसली होती, तीच माझ्यासाठी शोधायला लागली. एकेक दाबून बघितली, शिवणीवरनं बोट फिरवलं, डोळे मिटून वास घेतला. बराच वेळ.

"मलाबी न्हाई वळखू येत गं."

मग एकही उशी बाहेर गेली नाही. वडील हाताला येईल ती घेऊन झोपायचे. मी मात्र रोज एक, पाळीनं घ्यायची. म्हणजे चार दिवसांतनं एकदा तरी माझं डोकं तिच्या उशीवर असणार.